बर्फवाल्याचा कौल

मला एका जागी बसवत नाही, हे आधीच सांगून ठेवते. जेवताना मी दोनदा उठते, देवापुढं बसले तरी चुलीवर काय ठेवलंय ते बघून येते. आमचे मालक म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी बांधूनच हिला आमच्याकडं धाडली. अशा बाईला सोळा-सोळा भागांच्या कोरियाच्या मालिकांचा नाद लावला तो नातीनं. ती बारामतीला कॉलेजात शिकते, मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. दिवाळीला आली तेव्हा तिनं माझ्या लेकाचा जुना फोन माझ्या हातात दिला, बोट कुठं दाबायचं ते दाखवलं आणि म्हणाली, आज्जे, एक भाग बघ, नाही आवडला तर सोड. त्या गोष्टीला आता दुसरी दिवाळी आली.

सुरवातीला मला सगळे सारखेच दिसत. कोण लेक, कोण पुतण्या, कोण वैरी, काही उमजेना. मग कळपातल्या शेळ्या ओळखतो तशी मी खूण धरायला लागले. कुणाची कानाची पाळी, कुणाची चाल, कुणाची हनुवटी. नावं तर जिभेवर ठरत नाहीत, म्हणून मीच ठेवली. एक चष्मेवाला, एक लांबमान्या, एक रडकी. बोलणं हिंदीत करून दिलेलं असतं, तेवढं मला समजतं. पण आवाज देणारी माणसं थोडीच असावीत, कारण या मालिकेतल्या बापाचा आवाज त्या मालिकेतल्या चोराला असतो, आणि मला उगाच वाटत राहतं की हा आधी कुठंतरी भेटलाय.

आणि जीव किती गुंतावा? एकदा मालिकेत पाऊस आला, तशी मी उठून अंगणातलं वाळवण गोळा करायला धावले. बाहेर ऊन रखरखत होतं. मालक ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, कोरियाला कुणी जावई केलाय का तुझा? मी कुरडया परत पसरल्या.

खरं सांगते, ती माणसं मला परकी वाटली नाहीत. जमिनीवर बसून जेवतात. पायताण दारात काढतात. थोरल्या माणसासमोर पेला तोंडाला लावायचा झाला तर तोंड बाजूला फिरवतात. मेलेल्या माणसाच्या तिथीला ताटं मांडतात, वाकून नमस्कार करतात. हिवाळ्यात आळीतल्या बाया जमून कोबीला तिखट चोळतात, जसं आपण पापड लाटायला जमतो. हे सगळं मी आमच्या भेंडीतल्या बायांना सांगायचे, आणि तिथूनच पुढचं सगळं सुरू झालं.

उन्हाळी भेंडीचा तोडा दिवसाआड असतो. एक दिवस चुकला की भेंडी जून होते, मग ती कुणी घेत नाही. त्यामुळं बायांची टोळी वेळेवर आली पाहिजे, आणि हल्ली बाया मिळणं म्हणजे नशीब. आमच्याकडं सात जणी यायच्या. सकाळी उजाडायच्या आत अंगावर जुने सदरे चढवून, हाताला मोजे घालून प्रत्येकीनं आपली पात धरायची, म्हणजे आपली ओळ, आणि सगळ्यांनी एकदम पुढं सरकायचं. मी मधली पात धरायचे आणि आदल्या दिवशी दुपारी बघितलेला भाग सांगायचे. एका तोड्याला एक भाग. दुसऱ्यांच्या रानातनं बोलावणी यायची, पण टोळीची मुकादमीण त्यांना सांगायची, तुमच्याकडं न्हाय यायचं, आमची गोष्ट अर्धी राहिलीय.

माझ्या उजव्या हाताची पात बावड्याच्या बाईची असायची. बावडा तिचं माहेर, म्हणून सगळ्या तिला बावड्याची म्हणायच्या. चाळिशी ओलांडलेली. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, एकुलती लेक अकलूजकडं दिलेली, आणि ही दिराच्या घरात मागच्या खोलीत. हात इतका चलाख की स्वतःची पात उरकून माझ्या पातीतली अर्धी भेंडी तोडून द्यायची. माझे गुडघे धरले की न सांगता पाटी उचलायची. मी मालकीण आणि ती कामाला येणारी, असं कागदावर असेल. रानात आम्ही दोघी एकमेकींच्या आधारानंच चालत होतो.

त्या उन्हाळ्यात जी मालिका लागली, ती होती एका बंदरातली. नायिका तरुण, नायक श्रीमंताचा, दोघं भांडायची आणि पावसात भिजायची. पण आमच्या बायांना त्यांचं काही पडलं नव्हतं. नायकाच्या ओठाला रंग लावलेला असतो हे मी सांगितल्यापासून मुकादमीण त्याला नवरीच म्हणायची. सगळ्यांचा जीव अडकला तो नायिकेच्या आईत. ती विधवा, बंदराजवळ खानावळ चालवायची, शेवया घातलेली कढी विकायची. रोज पहाटे एक बर्फवाला मासळीबाजारात बर्फ पोचवता पोचवता तिच्या दारात एक लादी न मागता ठेवून जायचा. बोलणं काही नाही. लादी ठेवायची, टोपी सारखी करायची, चालू पडायचं.

आता त्या बर्फवाल्याचा नट मला ओळखीचा होता. मागच्या मालिकेत तो कारखान्याचा मालक झाला होता, भावाच्या जमिनी लाटणारा, पोरीला कोंडून घालणारा. त्यावरून मी त्याला इतक्या शिव्या घातल्या होत्या की आता तो बर्फ घेऊन आला तरी माझा विश्वास बसेना. शिवाय आवाजही तोच, त्या मालकाचाच. म्हणून मी गोष्ट सांगताना दर वेळी माझी मिरची टाकायचे. बर्फ ठेवतोय खरं, पण याच्या मनात काहीतरी हाय बायांनो. खानावळीच्या जागेवर डोळा असणार. असलं काहीबाही. बायांनाही ते आवडायचं. फक्त बावड्याची गप्प असायची. एकदा एवढंच म्हणाली, "न मागता आणतोय न्हवं, आक्का? मग राहू द्या की."

त्या दिवशी मला कळलं नाही. आठव्या भागाच्या तोड्याला मुकादमिणीनं ते फोडलं. इंदापूरच्या रस्त्याला एकाची रसवंती आहे, बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्याची बहीण बावड्याचीला विचारून गेली होती, आमच्या भावाबरोबर पाट लावतीस का म्हणून. आमच्याकडं विधवेच्या दुसऱ्या लग्नाला पाट म्हणतात. आणि रसवंतीवाल्याच्या दारात रोज सकाळी काय येतं? बर्फाची लादी. सगळ्या अशा हसल्या की भेंडीतले पारवे उडाले. बावड्याचीनं मान खाली घातली आणि तोडतच राहिली.

दीर नको म्हणत होता, घरातले हात कमी होतील म्हणून. लेक म्हणत होती, आई तुला वाटेल ते कर. आणि हिला काय वाटतं ते हिलाच समजेना. रसवंतीवाल्याच्या बहिणीनं पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या बाजारापर्यंत मुदत दिली होती. इंदापूरच्या बाजारात भेटायचं, काय ते सांगायचं.

आता कौलाचं सांगते, म्हणजे पुढचं लक्षात येईल. आमच्याकडं मन ठरत नसलं की देवाला कौल लावतात. गुरव ओल्या पिंडीवर दोन बाजूंना दोन फुलं चिकटवतो. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. माझ्या सासूबाईंनी विहिरीसाठी कौल लावला होता. डावं पडलं. पुढच्या सोमवारी परत लावला, परत डावं. तिसऱ्या खेपेला गुरव फुलं चिकटवायच्या आधीच म्हणाला, "विहीर खणा जावा बाई, देवाला किती बोलावताय?" त्याच विहिरीच्या पाण्यावर आमची भेंडी पिकते.

तर दहाव्या भागाच्या तोड्याला बर्फवाल्यानं खानावळवालीला पहिल्यांदा विचारलं, आपण दोघांनी एकत्र राहायचं का. ती काही बोलली नाही आणि भाग संपला. मी बायांना हे सांगून थांबले. न्याहारीला बांधावर बसलो होतो, माझा फोन भाकरीच्या फडक्यावर ठेवलेला. बावड्याची उठली, तिनं भेंडीची दोन पिवळी फुलं तोडली आणि फोनच्या काचेवर ठेवली, एक इकडं, एक तिकडं.

"आक्का," ती म्हणाली, "त्या खानावळवालीचं जे व्हईल ते माझं. तुमी गुरव."

मी हसले. बरं म्हणाले. इथंच चुकले मी. मला वाटलं ती गंमत करतेय. पण सात जणींच्या साक्षीनं बांधावर दिलेला शब्द होता तो, आणि ती हसत नव्हती.

त्यानंतर माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. अकरावा भाग बघितला, त्यात नुसतं नायक-नायिकेचं, त्या पोरांचं भांडण. बारावा बघितला, त्यात बर्फवाल्याचा पाय घसरला आणि तो आठ दिवस आलाच नाही. खानावळवाली पहाटे दार उघडून नुसती बघत राहायची. आणि बाराव्या भागानंतर पुढं काही नाही. नातीला फोन केला. ती म्हणाली, पुढचे चार भाग अजून हिंदीत आलेले नाहीत, नुसते तिकडच्या भाषेत आहेत, खाली इंग्रजी अक्षरं; हिंदीत येतील तेव्हा येतील. म्हटलं, येतील कधी? म्हणाली, ते कुणाला माहीत असतं का आज्जे?

मी दिवसाला दहा-बारा वेळा फोन उघडायचे. दळण करता करता उघडायचे, गोठ्यात उघडायचे. हिंदीत बाराच्या पुढं तेरा काही उमटत नव्हतं. जेवण जाईना. घरातून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून घरापर्यंत उगाच फेऱ्या. मालकांनी एकदा चिडून विचारलं की मोटर बिघडलीय का, सारखी काय बघायला जातेस. तोड्याला बाया विचारायच्या, आलं का पुढं? मी न्हाय म्हणायचे. मग मी जुन्या मालिकांवर वेळ मारून न्यायचे, पण कुणाचं लक्ष नसायचं. बावड्याची तर विचारायचीही नाही. ती फक्त पात धरताना एकदा माझ्या तोंडाकडं बघायची, आणि कामाला लागायची. ते बघणं मला सोसेना.

आणि आत आत आणखी एक होतं, ते मी तेव्हा कुणाला बोलले नाही. मला ती जायला नको होती. ती गेली तर माझ्या उजव्या हाताला कोण? पाटी कोण उचलेल, कुणाच्या तोंडाकडं बघून मी गोष्ट सांगेन? बर्फवाल्याबद्दल मी जी मिरची टाकत होते, ती आधी नुसत्या नटाच्या रागानं होती. पण रसवंतीचं कळल्यावरही मी ती टाकायचं थांबवलं नव्हतं.

बाजाराला चार दिवस राहिले तेव्हा मी सकाळची एसटी धरून बारामतीला गेले. नातीला सांगितलं, तुला इंग्रजी वाचता येतं ना? खाली अक्षरं येतात, ती मला वाचून दाखव. तिच्या मैत्रिणी कॉलेजात गेल्या होत्या. खोलीत एक पलंग, एक खिडकी, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो. मी दर पाच मिनिटांनी उठत होते. नात म्हणाली, आज्जे, तू उठलीस की मी थांबवते, आणि मग संध्याकाळपर्यंत संपणार नाही. मग बसले.

तेरावा, चौदावा, पंधरावा. नात वाचत होती, मधे नाक पुसत होती, ते पोरांसाठी. माझं पोरांकडं लक्ष नव्हतं. सोळाव्यात, अगदी शेवटाकडं, बर्फवाला आला. पहिल्यांदाच बर्फ न घेता, धुतलेला सदरा घालून. दारात उभा राहिला. तिनं कढीचं भांडं त्याच्यापुढं ठेवलं. तो म्हणाला, माझ्या घराला दोन खोल्या आहेत. ती म्हणाली, माझ्या खानावळीला एकच खोली आहे, पण तिचं दार मीच लावते आणि मीच उघडते. त्यानं कढी संपवली. भांडं स्वतः घासून पालथं घातलं. गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे दारात लादी होती.

"न्हाय म्हणाली व्हय गं ती?" मी विचारलं.

नात म्हणाली, हो आज्जे, नाहीच म्हणाली.

मला हायसं वाटलं. म्हणजे छातीवरचा दगड कुणी उचलावा तसं. आणि पुढच्याच क्षणाला मला माझीच लाज वाटली. मी नातीला म्हटलं, परत लाव. तिनं लावलं. परत नाहीच. मी तिसऱ्यांदा लावायला सांगितलं, का ते मलाही ठाऊक नाही. नात हसायला लागली.

चहा पिताना मी तिला बोलून गेले की हा बर्फवाला मला पहिल्यापासून खोटा वाटत होता, मागं त्यानं भावाच्या जमिनी लाटल्या होत्या. ती चकित झाली. म्हणाली, आज्जे, ते काम होतं त्याचं. मागं वाईट माणसाचं मिळालं, आता भल्याचं मिळालं. सोळा भाग झाले, यानं कुणाचं वाईट केलं का? एक तरी दाखव.

एक दाखवता येईना. एसटीत खिडकीला बसून मी भवानीनगर येईपर्यंत तेच आठवत होते. बर्फ ठेवला, टोपी सारखी केली, भांडं घासलं. बास. रसवंतीवाल्याला तर मी डोळ्यांनी बघितलंही नव्हतं. न बघितलेल्या माणसाचा संशय मी महिनाभर रानात पेरत होते, आणि आता कौलही माझ्याच सोयीचा पडला होता. खोटं बोलायची गरजच नव्हती. खरं सांगितलं की ती राहणार होती. पुढं जंक्शन गावाला गाडी थांबली तेव्हा मी उगाच खाली उतरले, उगाच परत चढले. कंडक्टर म्हणाला, मावशी, एकदा काय ते ठरवा.

दुसऱ्या दिवशी तोडा. झाडं आता आमच्या डोक्याच्या वर गेली होती, भेंडी सरत आली होती. पात धरल्या धरल्या सगळ्यांना कळलं की मी बघून आलेय. मी सांगत गेले. जे जसं होतं तसं सांगितलं, कढीचं भांडं, दोन खोल्या, दाराचं बोलणं, सगळं. आणि ती न्हाय म्हणाली, हेही. मुकादमिणीनं तेवढं हं केलं. उजव्या हाताच्या पातीत नुसता देठ मोडल्याचा आवाज, टक टक टक, नेहमीपेक्षा जोरात.

मग मी म्हटलं, "आणि बायांनो, त्याच्या मनात काहीतरी हाय असं मी म्हणायचे न्हवं का? ते मालिकेत न्हवतं. ते माझं होतं. त्या माणसानं काही वाईट केलं न्हाय."

टक टक थोडी थांबली. परत सुरू झाली.

पातीच्या टोकाला पोचलो. बाया पाणी प्यायला बांधावर गेल्या. बावड्याची गेली नाही. हातातले मोजे काढत माझ्याजवळ उभी राहिली. तिच्या पाटीत बघितलं तर कोवळी, जून, सगळी मिसळ, आणि ही बाई कधी जून भेंडी तोडायची नाही. मला वाटलं, आता रडते की काय. ती रडली नाही. खाली बघून, अगदी हळू म्हणाली, "आक्का, दुसरी एखादी लावा की."

"दुसरी काय?"

"मालिका. खानावळवालीचीच पायजे असं न्हाय. कुठलीबी. तीन दिसात बसती एखादी?"

मला सासूबाई दिसल्या, ओल्या पिंडीपुढं तिसऱ्यांदा हात जोडून बसलेल्या. आणि माझ्या तोंडातनं आमच्या गुरवाचेच शब्द बाहेर पडले, मी आवरायच्या आत.

"जा बाई तू," मी म्हटलं, "देवाला किती बोलावतीस?"

ती पहिल्यांदा हसली. मग पदर तोंडाला लावला. बांधावरनं मुकादमीण ओरडली, तिथं काय पुरणपोळी वाटताय का दोघी, पाणी घ्या. आम्ही गेलो, पाणी प्यालो. मी घरी येऊन मात्र आडवी झाले ती दुपारपर्यंत उठले नाही. मालकांनी कपाळाला हात लावून बघितलं. मी एका जागी इतका वेळ पडलेली त्यांनी बघितली नव्हती.

बाजारात तिनं हो सांगितलं. दीर महिनाभर बोलला नाही, मग बोलायला लागला. पाट साधासा झाला, आम्ही सहा जणी गेलो होतो. तेव्हा मी तो रसवंतीवाला बघितला. बुटका आहे, टोपी घालत नाही, बर्फवाल्यासारखा तर मुळीच दिसत नाही. मला जेवताना पाणी वाढून गेला.

भेंडी काढून आम्ही तिथं दुसरं लावलं. टोळीत नवी बाई आली, माझ्या उजव्या हाताला तीच असते, पण ती कानात बटणं घालून आपली गाणी ऐकते. त्या चार भागांचं हिंदी पुढं केव्हातरी आलं. मी पंधरापर्यंत परत बघितले. सोळावा लावत नाही.

आता सकाळी अकराच्या सुमाराला, गिऱ्हाईक कमी असलं की, बावड्याचीचा फोन येतो. आक्का, काय बघताय सध्या? मी पातीत उभी राहूनच सांगते. सध्याची चीनची आहे, राजवाड्यातली, फार कारस्थानं. ती हं हं करते. सुखात आहे की नाही ते ती सांगत नाही आणि मी विचारत नाही. मागनं रसवंतीच्या चरकाचे घुंगरू वाजत असतात, छुम छुम. ते वाजत असले की माझी गोष्ट नीट चालते. मधेच कधी थांबतात. बर्फ फोडायला थांबवला असेल, ऊस संपला असेल, काही असेल. मी बोलायची थांबते आणि फोन कानाला घट्ट लावते. परत वाजेपर्यंत माझे पाय पातीतल्या पातीत नुसते इकडून तिकडं होत राहतात.